शपथ घेतली, आता पहिले पाच दिवस



चौदा एप्रिल असो, धम्मचक्र प्रवर्तन दिन असो की वर्षावासातला एखादा रविवार, उल्हासनगरची सुभाष टेकडी असो, अंबरनाथचा बुवापाडा असो की बदलापूरच्या रुळांकडेची एखादी चाळ, एक दृश्य आपल्या ओळखीचे आहे. विहारात वंदना संपते. कुणीतरी काका किंवा दादा पुढे येतो. बाबासाहेबांच्या फोटोसमोर हात जोडून सर्वांसमोर सांगतो, "आजपासून दारू बंद." लोक टाळ्या वाजवतात. घरची बाई पदराने डोळे पुसते.

त्याच घरात तिसऱ्या दिवशी काय होते, ते मात्र विहारात कुणी सांगत नाही. माणसाचे हात थरथरतात, घामाने बनियन भिजते, रात्रभर डोळा लागत नाही. भिंतीवर किडे चालताना दिसतात, नसलेली माणसे हाका मारतात. कुणाला फिट येते. शेजारी म्हणतात, "बाहेरचं लागलंय." दुसरा म्हणतो, "एकदम सोडली ना, म्हणून. थोडी पाजा, बरं वाटेल." घोट पोटात गेला की थरथर थांबते आणि शपथही मोडते. पुढच्या रविवारी तो माणूस विहाराची गल्ली टाळून लांबच्या रस्त्याने स्टेशनला जातो.

त्या तीन दिवसांत शपथेचा कमीपणा नव्हता. आजाराची माहिती नव्हती. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर दारू सोडण्याचा निश्चय, तो टिकवण्याची पद्धत आणि सुरुवातीच्या पाच दिवसांत जीव कसा सांभाळायचा, याबद्दल बोलू.

हा आजार आहे, पण निश्चयही लागतो

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात सतरावी दारू न पिण्याची आहे. पंचशीलातले पाचवे शीलही मद्यापासून दूर राहण्याचे आहे. त्याही आधी, १८८० मध्ये महात्मा फुले यांनी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना वाढत्या दारूदुकानांना विरोध केला होता. दारू हा आपल्या चळवळीचा जुना शत्रू आहे. कष्टकऱ्याच्या हातात आलेला पैसा आणि त्याच्या मुलांची पाटी-पुस्तके ती आधी खाते.

हिशेब साधा आहे. जीन्सच्या कारखान्यात पीसवर काम करणाऱ्याने किंवा नाक्यावर उभे राहणाऱ्याने रोज शंभर रुपये दारू आणि चकण्यावर घालवले, तर महिन्याला ३,००० आणि वर्षाला ३६,५०० रुपये जातात. पिण्यामुळे बुडालेले खाडे त्यात धरलेले नाहीत.

पण रोज पिणाऱ्याचा मेंदू बदललेला असतो, हेही तितकेच खरे. दारू मेंदूला मंद करते. वर्षानुवर्षे ती मिळाली की मेंदू तोल राखण्यासाठी स्वतःला जास्त उत्तेजित ठेवायला शिकतो. दारू अचानक बंद झाली की तो ताण मोकाट सुटतो. थरथर, घाम, घबराट आणि फिट येते ती त्यामुळे. यात भूत-बाधा नाही आणि नाटकही नाही. तेव्हा "मनावर घेतलं तर सुटते" हे अर्धेच खरे आहे. मनावर घ्यावेच लागते, पण शरीराला त्या वेळी डॉक्टर लागतो.

दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे २.९ कोटी लोक दारूवर पूर्णपणे अवलंबून आहेत. अशा ३८ जणांमागे एकालाच कसलाही उपचार मिळाला होता. बाकीचे ३७ एकट्याच्या बळावर झगडत होते किंवा झगडणे सोडून बसले होते.

सुरुवातीचे पाच दिवस

साधारण क्रम असा असतो. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येण्याचा धोका असतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: वेळ-काळ कळत नाही, नसलेले दिसते, ताप चढतो, माणूस आवरत नाही. ही अवस्था जीवघेणी आहे. वेळेवर उपचार झाला तर बहुतेक जण त्यातून बाहेर येतात.

खालीलपैकी एकही गोष्ट लागू असेल, तर घरच्या घरी एकदम दारू बंद करू नका. आधी डॉक्टरांकडे जा आणि मग बंद करा:

सकाळी उठल्यावर थरथर थांबवण्यासाठी घोट लागतो. रोज पितो आणि कित्येक महिने एकही दिवस खंड नाही. पूर्वी सोडताना फिट आली होती किंवा भ्रम झाला होता. कावीळ, पोटात पाणी, रक्ताची उलटी, हृदयाचा किंवा साखरेचा आजार आहे. दारूबरोबर झोपेच्या गोळ्याही घेतो. झोपेच्या गोळ्या अचानक बंद केल्यानेही फिट येते, हे लक्षात ठेवा.

रुग्णालयात डॉक्टर काही दिवस ठराविक गोळ्या देतात आणि त्यांचे प्रमाण रोज कमी करत नेतात. त्यामुळे मेंदू हळूहळू शांत होतो. या गोळ्या मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणायच्या नाहीत, कारण त्यांचीही सवय लागते. दारूसोबत घेतल्या तर श्वास मंदावू शकतो.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी पाठ करावी. खूप पिणारा नीट जेवत नाही. त्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व संपत आलेले असते. अशा माणसाला अशक्तपणा आला की आपण त्याला जवळच्या दवाखान्यात नेऊन "एक सलाईन लावा" म्हणतो. बी-१ न देता नुसते ग्लुकोज चढवले, तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो: चाल अडखळते, डोळे वाकडे होतात, आठवण जाते. म्हणून लाज न बाळगता डॉक्टरांना आधीच सांगा, "हा रोज पितो, किती पितो, आणि शेवटची कधी घेतली." डॉक्टर बी-१ चे इंजेक्शन देतील. हे एक वाक्य न सांगितल्यामुळे माणूस आयुष्यभर विसराळू होऊ शकतो.

फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू हलवा, तोंडात चमचा किंवा कांदा-चप्पल काही घालू नका आणि १०८ ला फोन करा.

चहात गोळी घालू नका

आपल्या वस्त्यांत गुपचूप चालणारा एक उपाय आहे. कुणीतरी सांगते, "दारू सोडवायची गोळी आहे, चहात घाल, त्याला कळणारही नाही." बिचारी बायको किंवा आई मुलांच्या भल्यासाठी ते करते.

ती गोळी बहुधा डायसल्फिराम असते. दारू पचताना शरीरात तयार होणारे एक विषारी द्रव्य ती साचू देते. त्यामुळे गोळी घेतलेल्याने दारू प्यायली की तोंड लाल होते, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर मरणही येऊ शकते. गोळी बंद केल्यावरही असा त्रास दोन आठवड्यांपर्यंत होऊ शकतो. ज्या माणसाला ही गोळी पोटात आहे हे माहीत असते, तो त्या भीतीने दारूपासून लांब राहतो. औषधाचे काम तेच आहे. ज्याला माहीत नसते, तो नेहमीसारखा गुत्त्यावर जातो आणि तिथेच कोसळतो. म्हणून हे औषध रुग्णाच्या संमतीने, तपासण्या करून, डॉक्टरांच्या देखरेखीतच द्यायचे असते. ओढ कमी करणारी दुसरी औषधेही आता आहेत. त्यातले कुणाला कुठले चालेल, हे यकृत आणि मूत्रपिंड तपासून डॉक्टर ठरवतात.

"दारू सोडवतो" म्हणून जाहिरात करणाऱ्या बेनामी पुड्या आणि काढे यांच्या नादी लागू नका. त्यात काय आहे हे विकणाराही सांगत नाही.

एका दिवसाचा निश्चय

आता निश्चयाकडे येऊ. "आयुष्यभर पिणार नाही" हे वाक्य टाळ्यांमध्ये सोपे वाटते. संध्याकाळी सात वाजता कारखाना सुटला, विठ्ठलवाडीच्या पुलाखाली जुने मित्र उभे दिसले की तेच वाक्य डोंगराएवढे होते.

१९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात दोन दारुड्यांची भेट झाली. एक शेअर बाजारातला, दुसरा डॉक्टर. दोघांच्या लक्षात आले की एकटे असताना मोह आवरत नाही, पण दुसऱ्या पिणाऱ्याशी खरे बोलले की आजचा दिवस निभतो. त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे 'एए' ही मंडळी जगभर पसरली. भारतात ती १९५७ च्या सुमारास आली. फी नाही, आडनाव विचारत नाहीत, जात विचारत नाहीत. "आजचा दिवस प्यायचं नाही" एवढेच ते ठरवतात. उद्याचे उद्या. २०२० मध्ये २७ अभ्यासांचा आणि दहा हजारांहून अधिक लोकांचा एकत्रित आढावा घेतला गेला. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत ही पद्धत इतर मान्य उपचारांच्या तोडीची, काही बाबतीत सरस ठरली.

आपल्याला ही कल्पना परकी वाटायला नको. पंचशील आपण आयुष्यात एकदाच घेऊन थांबत नाही. प्रत्येक वंदनेला घेतो, लग्नात घेतो, जलदानविधीला घेतो. पालीतला 'समादियामि' हा शब्द 'मी स्वीकारतो' असे सांगतो आणि 'सिक्खापद' म्हणजे शिकण्याचा नियम. शिकणारा चुकतो आणि पुन्हा शिकतो. रोज सकाळी घरातल्या फोटोसमोर उभे राहून पाचवे शील त्या एका दिवसासाठी घेतले, तर ती आपली 'आजचा दिवस' पद्धतच झाली.

एएच्या बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो आणि बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला तिथे अडखळायला होते. काही जण त्यामुळे सभेतून परत येतात. तिथे नास्तिक सभासदही असतात आणि 'आपल्याहून मोठी शक्ती' म्हणजे जमलेला समूह, असा अर्थ अनेक जण घेतात. आपल्याला 'संघं सरणं' ठाऊक आहेच. अमेरिकेत २०१९ पासून 'रिकव्हरी धर्मा' या नावाने बुद्धाच्या शिकवणीवर चालणारे व्यसनमुक्ती गटही सुरू झाले आहेत. तत्त्व पटत नसेल तर वाद घालू नका. चहा प्या, ऐका, आणि त्या दिवशी न पिता घरी या.

पुण्यातला एक धडा

महाराष्ट्रात या कामाची वाट दाखवली ती पुण्याच्या मुक्तांगणने. ऐंशीच्या दशकात गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, तरुण पोरांना खात सुटली होती. अनिल अवचट यांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये दिले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात केंद्र उभे राहिले. तिथे ३५ दिवसांचा उपचार ठरला. औषधे असतातच, पण त्याबरोबर ठरलेल्या वेळी उठणे, झाडलोट, व्यायाम, गटात बोलणे आणि घरी गेल्यावरही पाठपुरावा. बरे झालेले रुग्णच पुढे समुपदेशक झाले. पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट चालतो, कारण नवरा पितो तेव्हा आजार घरभर पसरलेला असतो. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या कृपा फाउंडेशननेही एएची वाट आणि योग यांची जोड घातली.

यातून आपल्या कामाचे असे: पस्तीस दिवस भरती झाल्याने माणूस 'दुरुस्त होऊन' येत नाही. खरी परीक्षा छत्तिसाव्या दिवशी, आपल्याच गल्लीत असते. तिथे त्याच्या सोबत कोण आहे, यावर बरेच ठरते.

ओढ आली की

ओढ लाटेसारखी येते. चढते आणि बहुधा पंधरा ते तीस मिनिटांत ओसरते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी बौद्ध ध्यानातून शिकून हे रुग्णांना शिकवले: ओढीशी कुस्ती करायची नाही, ती बघायची. आपण आनापान करतो ना, तेच. बसा, श्वास आत-बाहेर जाताना बघा, छातीत काय होते ते बघा. लाट उतरेपर्यंत जागा सोडू नका. श्वासावर मन टिकत नसेल तर माणसाला फोन लावा.

चार गोष्टींत ओढ जास्त येते: भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. म्हणून कामावरून सुटल्यावर आधी पोटात काहीतरी घाला. वडापाव चालेल, केळे आणखी बरे. पगाराच्या दिवशी पैसे घरच्या खात्यावर जाऊ द्या. गुत्त्यावरून जाणारा रस्ता बदला, दोन मिनिटे जास्त लागली तरी. मयत, हळद, जयंतीची मिरवणूक अशा ठिकाणी सोबत एक न पिणारा माणूस ठेवा आणि निघायची वेळ आधी ठरवा. कॅलेंडरवर रोज एक खूण करा.

पुन्हा प्यायला तर

बरेच जण पहिल्या प्रयत्नात टिकत नाहीत. साखरेच्या रुग्णाची साखर पुन्हा वाढली तर आपण त्याला दवाखान्यात नेतो, वस्तीतून उठवत नाही. इथेही तेच. "शपथ मोडली, आता तोंड कसं दाखवू" ही लाज माणसाला पुन्हा बाटलीकडे ढकलते. पाय घसरला तर त्याच दिवशी सांगा, काय झाले ते शोधा, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा शील घ्या. रोज बऱ्याच प्रमाणात पिणे पुन्हा सुरू झाले असेल, तर सोडताना पुन्हा डॉक्टर लागेल. गर्द घेणाऱ्यांनी विशेष सावध राहावे: काही आठवडे बंद ठेवल्यावर जुन्याच मात्रेने जीव जातो.

विहार समितीने यात एक काम करावे. कुणाला मंचावर बोलावून शपथ द्यायची असेल, तर त्याच दिवशी दोन माणसे ठरवावीत. ती दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरकडे नेतील आणि पाच दिवस रोज घरी जातील. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर अर्धा तास व्यसनमुक्तांचा गट बसावा. तिथे झालेले बोलणे बाहेर न्यायचे नाही. 'दारुडा' हा शब्द विहारात वापरू नये. एक वर्ष पूर्ण करणाऱ्याला गुलाबाचे फूल द्यावे, पण त्याची इच्छा असेल तरच.

आणि ताईंनो, त्याचे पिणे हा तुमचा दोष नाही. बाटल्या फोडणे, कामावर खोटा निरोप देणे, त्याची उधारी फेडणे यातून दारू सुटत नाही. मारहाण होत असेल तर आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षा बघा. महिलांसाठीचा १८१ हा मदत क्रमांक आणि पोलिसांचा ११२ लक्षात ठेवा.

कुठे जायचे

उल्हासनगर ३ मधले मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे डॉ. बी. जी. छाया रुग्णालय, बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय ही जवळची सरकारी ठिकाणे. तिथे केसपेपर काढून डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "दारू सोडायची आहे, आधी कधी फिट आली होती का तेही सांगतो." पुढे गरज पडल्यास ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयासाठी चिठ्ठी मागा. व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६ आहे, आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. दोन्ही मोफत आहेत.

खासगी केंद्र निवडताना चार प्रश्न विचारा. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का? डॉक्टर कधी येतात? घरच्यांना भेटू देतात का? घरी आल्यावर पाठपुरावा कोण करते? मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक आजारही येतात. त्या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. 'रात्री गाडी पाठवतो, उचलून नेतो' म्हणणाऱ्याकडे माणूस सोपवू नका.

हे पान कापून विहाराच्या फलकावर लावा. येत्या रविवारी कुणी शपथेसाठी पुढे आले, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याला एकच विचारा: "दादा, शेवटची कधी घेतली, आणि उद्या सकाळी दवाखान्यात तुझ्यासोबत कोण येणार?"